जानेवारीतल्या पैलवानांनो, या चुका टाळा

जानेवारीत आणि गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नसते. नवे बूट, नवी बाटली, मोबाइलवर कुणाचा तरी 'सहा आठवड्यांत शरीर बदला' छापाचा कार्यक्रम. येणारी मुलंमुली पंचविशी-तिशीतली, नोकरी बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) नाहीतर फोर्टात. महिन्याभरात गर्दी ओसरते. लोक त्यांना आळशी म्हणतात, मला ते पटत नाही. लोकल, मीटिंग आणि साहेब यांतलं काहीच नसलेल्या दिवसाचं वेळापत्रक त्यांनी आखलेलं असतं, आणि असा दिवस मुंबईत उगवत नाही.

पहिल्याच दिवशी वसुली

या चुकीवर मी कितीही बोलू शकतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने जवळच्याच एका चकचकीत जिमची वर्षाची फी एकरकमी भरली, कारण सवलत होती. पहिल्या संध्याकाळी मित्राशी पैज लावून पठ्ठ्याने दोनशे बैठका काढल्या. कॉलेज सुटल्यापासून त्याच्या पायांना स्टेशनच्या जिन्यापलीकडे काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कसाबसा ऑफिसला गेला. तिसऱ्या दिवशी पूल उतरताना कठडा धरून, खेकड्यासारखा तिरका. सगळे हसले. त्याच रात्री लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा हसणं थांबलं. हॉस्पिटलात दाखल करून सलाइन लावावं लागलं.

अंगाला सवय नसताना असा मारा झाला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. डॉक्टरी भाषेत ऱ्हॅब्डोमायोलिसिस. हे रोज घडत नाही हे खरं. नव्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग ठणकणं साधं आहे. पण दुखणं वाढत चाललं, सूज आली किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर बाम चोळत बसू नका, तडक डॉक्टरकडे जा.

माझ्याकडे नवा माणूस आला की पहिले दोन आठवडे मी त्याला वीस मिनिटांत घरी पाठवतो. थोड्या बैठका, भिंतीला हात टेकून जोर, चार सूर्यनमस्कार, बस. "काका, घामसुद्धा आला नाही!" म्हणून पोरं चिडतात. चिडू देत. उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे, एवढंच मला हवं असतं. आणि फी महिन्याची भरा. वर्षाची भरणारा माणूस पैसे वसूल करायला येतो, आणि वसुलीला आलेला माणूस मी होळीपर्यंत टिकलेला पाहिलेला नाही.

पाच वाजता उपाशी, साडेनऊला आडवा हात

"मी दिवसभर काहीच खात नाही, तरी वजन वाढतंय." हे वाक्य ऐकलं की मी समोरच्याला विचारतो, डबा किती वाजता खाल्लास? एक वाजता. मग? मग चहा. मग चहा-बिस्किट. मग गाडी, गर्दी, स्टेशनबाहेर गरम वड्याचा वास, आणि घरी पोचल्यावर साडेनऊला भात-भाजी-पोळी, वर टीव्हीसमोर फरसाण. एवढी भूक साठली की निश्चय वगैरे काही चालत नाही, आणि चालावा अशी अपेक्षाही मी करत नाही. वडापाववर माझा राग नाही, शनिवारी मी स्वतः खातो. पण रोज गाडीतून उतरताना पोट रिकामं असेल तर तो रोजच खाल्ला जाणार.

उपाय साधा आहे: साडेपाचला, ऑफिसातच, काहीतरी खरं खा. मूठभर फुटाणे आणि एक केळं, नाहीतर दोन उकडलेली अंडी. माझा आग्रह फुटाण्यांचा, कारण डबा ड्रॉवरमध्ये ठेवता येतो आणि रात्री आईला "उद्या दे" सांगायला विसरलं तरी अडत नाही. रात्रीचं जेवण आपोआप एका पोळीने कमी होतं, त्यासाठी कुठलं ॲप लागत नाही.

चहाचा हिशेब मात्र करा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे पस्तीसेक ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. चहा सोडू नका, एकेक चमचा साखर सोडा.

बाकीच्या, थोडक्यात

वरणाच्या भरवशावर प्रोटीन: घरचं पातळ वरण म्हणजे मुख्यतः पाणी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. एका अंड्यात सहा. घट्ट उसळ, अंडी, दही, मासे असतील तर मासे. हे जमायच्या आत पावडरचा डबा आणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नुसता बघतो.

वजन कमी करायला उपास आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. देवासाठी करा, वजनासाठी नको.

पोटाचा पट्टा बांधून घाम गाळणं: घामाने पाणी जातं. पाणी प्यायलात की परत येतं.

लोकलमध्ये उभं राहिलो, झाला व्यायाम: नाही झाला. दमलात, एवढंच.

चालायला वेळ नाही: ही मला सर्वांत खोटी वाटणारी तक्रार. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. सीएसएमटीला उतरून फोर्टात, किंवा चर्चगेटहून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सी न करता झपाझप चाला. जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा, पाच दिवस. १५० झाली. बीकेसीवाल्यांनी रिक्षा थोडी आधी सोडावी. ताकदीचं काम शनिवार-रविवारी घरी किंवा आमच्याकडे. ऑफिसचे बूट ड्रॉवरमध्येच ठेवा आणि येता-जाता स्पोर्ट्स शूज घाला. जून ते सप्टेंबर ते भिजतील, म्हणून पावसाळ्यात रबरी सँडल आणि बॅगेत जादा मोज्यांची एक जोडी.