झाडूवाल्या मावशींच्या आधी उठा: मुंबईच्या वसंतातल्या मुलांच्या हस्तकला

मुंबईत वसंत येतो तो थेट फुटपाथवर. वर बघायला वेळ कोणाला असतो? फेब्रुवारीत देशी बदामाची लालबुंद पानं गाड्यांच्या टपांवर पडतात, काटेसावरीची जाड फुलं धप्पकन खाली येतात, मार्चमध्ये पिंपळ आठवडाभरात उघडा होऊन पुन्हा तांबूस पालवी धरतो. आणि सकाळी सात-साडेसातला झाडूवाल्या मावशी येऊन हे सगळं एका ढिगात गोळा करून नेतात.

म्हणून या लेखातली पहिली पायरी अशी की, रविवारी पोरांना साडेसहाला उठवा. सामान विकत आणू नका. चमकी, रेडिमेड डोळे आणि थर्माकोलचे गोळे घरी असतील तर महिनाभर वरच्या कपाटात ठेवा. ते समोर दिसले की पान हे नुसतं चिकटवायचं सामान होऊन बसतं. त्या आठवड्यात जे खाली पडलं असेल त्याचंच काहीतरी करायचं, हा एकच नियम. या नियमामुळे तुमची अर्धी आखणी झाड करून टाकतं.

सोबत दोन कापडी पिशव्या घ्या. एकीत ओलसर, मऊ माल (फुलं, ताजी पानं), दुसरीत सुका माल (शेंगा, काटक्या, बिया). एकत्र भरलं की घरी पोहोचेपर्यंत फुलांचा लगदा होतो, हे मी तीनदा शिकले आहे.

कुठे जायचं आणि काय उचलायचं नाही

लांब जायची गरज नाही. सोसायटीचं आवार, शाळेबाहेरचा रस्ता एवढं पुरतं. आम्ही दादर-माटुंग्याची माणसं, त्यामुळे हिंदू कॉलनीतले गल्लीवर छत धरणारे पर्जन्यवृक्ष आणि पाच उद्यानं आमच्या पायाखालची. विक्रोळीच्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्गालगत गुलाबी टॅबेबुया फुलतो तेव्हा डोळे दिपतात, पण तो बसच्या खिडकीतूनच बघा. पोरं घेऊन हायवेवर उतरायची ती जागा नव्हे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जरूर फिरा, पण तिथून काही आणायचं नाही, गळलेलं पानसुद्धा. राणीच्या बागेतही पाहून आणि चित्र काढून या.

झाडावरचं तोडायचं नाही. याला दोनच अपवाद: गुढीपाडव्याची आंब्याची आणि कडुनिंबाची डहाळी, आणि माळ्याने उतरवलेली नारळाची झावळी.

काही गोष्टी मुलांच्या हाती लागू देऊ नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, दोन्ही विषारी. आमच्या लहानपणी बिट्टीच्या बियांनी सर्रास खेळायचे, म्हणून काय आता खेळू द्यायचं असं नाही. लाल-काळी गुंज दिसायला दागिन्यासारखी असते, पण आतला गर अत्यंत विषारी, त्यामुळे तिला भोक पाडून माळ करण्याचा विचारही नको. चाफ्याच्या चिकानेही काही मुलांच्या अंगावर पुरळ येतं. घरी आल्यावर साबणाने हात धुणं आलंच.

बदामाच्या पानांचा मुकुट

सुरुवात याने करा, कारण लगेच होतो आणि लगेच डोक्यावर चढतो. दहा-बारा पानं लागतील. ती सकाळीच उचललेली हवीत. दुपारपर्यंत ती वाळून पापडासारखी होतात आणि वाकवली की तडकतात. झालीच तशी तर दहा मिनिटं पाण्यात टाकून ठेवा.

टाचणी किंवा स्टेपलर नको. घरातल्या जुन्या खराट्याचा एक हीर घ्या, त्याचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. एक पान उभं धरा, दुसरं त्यावर अर्धं चढवा, आणि हिराचा तुकडा धावदोऱ्यासारखा आत-बाहेर-आत असा ओवा. पत्रावळी टाचतात तसंच. टोकं सगळी वर, देठाकडची बाजू खाली. सात-आठ पानांत लहान मुलाच्या डोक्याचा घेर भरतो. शेवटचं पान पहिल्याला टाचलं की झालं. हिराची टोकं बाहेरच्या अंगाला राहतील असं बघा, कपाळाला टोचतात.

एकाच झाडाची पानं, पण एक पिवळं, एक विटकरी, एक जांभळट लाल. मुलांना ती आधी रंगाच्या क्रमाने जमिनीवर लावू द्या. माझी भाची मुकुट विसरून या रांगेतच अर्धा तास रमली होती. मी मध्ये पडले नाही.

जाळीचं पिंपळपान

वहीत ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी होते, अशी आपली समजूत असते. खरं तर वहीत पान फक्त वाळतं. जाळी व्हायला त्याला कुजावं लागतं. पाण्यातले जीवाणू पानाचा मऊ गर खाऊन टाकतात. शिरा काष्ठमय असल्याने त्यांना लवकर दाद देत नाहीत, म्हणून त्या शिल्लक राहतात. पिंपळाचं पान चिवट आणि त्याच्या शिरा दाट, त्यामुळे या कामाला त्याच्यासारखं दुसरं पान नाही.

1. वीस तरी पानं घ्या, त्यातली आठ-दहा धड निघतील. पान जून हवं, हिरवं किंवा नुकतं पिवळं पडलेलं. उजेडासमोर धरून भोक नाही ना ते बघा. लांब शेपटी शाबूत असलेलीच निवडा, सगळी शोभा तिच्यात आहे. तांबूस कोवळी पानं घेऊ नका, त्यांचा चिखल होतो.

2. घट्ट झाकणाचा पसरट प्लॅस्टिकचा डबा घ्या. पानं आडवी ठेवा, ती बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घाला, आणि तरंगू नयेत म्हणून एक जुनी बशी उपडी दाबून ठेवा.

3. झाकण लावा आणि लावलेलंच ठेवा. हे वासासाठी नाही, डासांसाठी. मुंबईत उघडं साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. महापालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा ‘ही हस्तकला आहे’ हे उत्तर चालत नाही.

4. डबा गॅलरीत सावलीला ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. आमचा पहिला डबा सासूबाईंनी अठराव्या दिवशी ‘कसली सडकी पालेभाजी’ म्हणून ओतून दिला. चूक माझीच, चिठ्ठी नव्हती.

5. पाणी बदलायचं नाही, कमी झालं तर भर घालायची. जुन्या पाण्यातच जीवाणूंची फौज असते. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तीन ते चार आठवडे लागतात.

6. पान तयार झालं का, ते बोटाने कळतं. कडेला हलकेच चोळा. साल भिजवलेल्या बदामासारखी सुटली तर झालं. सुटत नसेल तर परत पाण्यात, ओढाताण नको.

7. आता ताटात स्वच्छ पाणी घेऊन पान त्यात पसरा. मऊ दातांचा जुना टूथब्रश पानावर टोच-टोच करत आपटा, मग मधल्या शिरेकडून कडेकडे फिरवा. उलटं करून पुन्हा तेच. पाणी हिरवट-तपकिरी होत जातं आणि ताटाच्या तळाची नक्षी पानातून दिसायला लागते. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघा. सहा-सात वर्षांच्या खालच्या मुलांकडून इथे पान फाटतंच, त्यांना सरावासाठी दोन वेगळी द्या.

8. पान पाण्यातून थेट उचलू नका, गुंडाळून त्याची वात होते. त्याखाली कडक प्लॅस्टिकचा कागद सरकवा आणि त्यासकट वर काढा. जुन्या सुती कापडावर उतरवून टिपून घ्या, मग वर्तमानपत्रात घालून गादीखाली दोन दिवस.

वास येतो, हे लपवत नाही. पानं धुण्याचं काम सकाळी गॅलरीत उरका.

पुढे काय करायचं? बरेच लोक त्यावर गणपती रंगवतात. मला विचाराल तर जाळीवर रंग थापणं म्हणजे महिनाभराची मेहनत झाकून टाकणं. काळ्या कार्डावर पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा, किंवा दोन पारदर्शक कागदांत घालून पश्चिमेच्या खिडकीला लावा. संध्याकाळी भिंतीवर शिरांची सावली पडते.

महोगनीचा चतुर

महोगनीची झाडं मुंबईत रस्त्याकडेला पुष्कळ आहेत, नाव माहीत नसतं इतकंच. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची मुठीएवढी लाकडी फळं तडकतात आणि एका बाजूला पंख असलेल्या तपकिरी बिया गिरक्या घेत खाली येतात. आधी पोरांना त्या जिन्यावरून सोडू द्या. मन भरल्याशिवाय हस्तकलेला कोणी बसणार नाही. बिया कडूजहर असतात, चावायच्या नाहीत.

आता चतुर, म्हणजे चार पंखांचा तो उडता किडा. चार पंख घ्या, जाड बीचा भाग कात्रीने कापून टाका. बोटभर लांबीची सरळ काटकी म्हणजे अंग. पुढच्या टोकाजवळ दोन-दोन पंख समोरासमोर फेव्हिकॉलने चिकटवा आणि अर्धा तास अजिबात हात लावू नका. मग जोडावर दोऱ्याचे चार फेरे आडवे-तिडवे घेऊन गाठ मारा. डोळ्यांना दोन काळी मिरी. दोरा बांधून पंख्यापासून लांब टांगा.

फळाच्या लाकडी टरफलांच्या होड्या होतात. शिडाला बदामाचं एक पान, डोलकाठीला हीर. याला कृती लिहायची गरज नाही.

पळसाचा रंग आणि हळदीचं गुपित पत्र

रंगपंचमीसाठी पळसाची फुलं शहरात गोळा करत बसू नका, इथे मात्र विकतची चालतील. सुकी फुलं काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. दोन मुठी फुलं चार पेले गरम पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. केशरी-पिवळा रंग येतो. थोडा पाण्यात कालवून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की तो गडद होतो. चित्र रंगवायचं असेल तर मंद आचेवर निम्मा आटवा. कपड्यावर डाग राहतो, जुने कपडे घाला.

हळदीची गंमत तर याहून सोपी. हळदीचं पाणी कोऱ्या कागदावर फासून वाळवा. वाटीभर पाण्यात चमचाभर सोडा विरघळवा, कापसाची काडी त्यात बुडवून पिवळ्या कागदावर लिहा. अक्षरं लाल उमटतात. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. कागदाला कंटाळेपर्यंत पोरं हे करतात, लिंबं मोजून द्या.

पाना-फुलांचे ठसे

साधा पांढरा सुती रुमाल धुऊन खळ काढून टाका. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून त्यात रात्रभर भिजवा, वाळवा. तुरटीने रंग धरतो. रुमाल पाटावर पसरून त्यावर कडुनिंबाची कोवळी पालवी, झेंडूच्या पाकळ्या मांडा. वर साधा कागद ठेवा आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोका. आपटायचं नाही, कडेपासून आत एकसारखं ठोकत यायचं. कागद उचलून चोथा झटकला की ठसा दिसतो.

खालच्या मजल्यावरच्या काकांना आधी सांगून ठेवा, आणि दुपारी दोन ते चार हे अजिबात करू नका. उन्हात हे रंग उडतात, म्हणून रुमाल सावलीत वाळवा.

झावळीची पिपाणी

पावसाळ्याआधी सोसायटीत नारळ उतरवायला माणूस येतो तेव्हा त्याच्याकडून एक हिरवी झावळी मागून घ्या. एक पात काढून मधला हीर सोलून वेगळा करा, दोन लांब पट्ट्या मिळतील. एका पट्टीचं निमुळतं टोक पेन्सिलीएवढ्या जाडीचं गुंडाळा, मग तिरकं गुंडाळत जा, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढलेला. नळी हळूहळू कर्ण्यासारखी रुंद होते. शेवट हिराच्या तुकड्याने टाचा. बारीक टोक दोन बोटांत चपटं करून फुंका. पहिल्या पाच-सहा वेळा नुसती हवा जाते. तरीही वाजली नाही तर पातीचा छोटा तुकडा दुमडून तोंडाशी बसवा. एकदा वाजली की रात्री लपवून ठेवावी लागते.

साठवण

मुंबईच्या दमट हवेत हे सगळं जूनपर्यंत टिकवणं हे खरं काम. मुकुट टिकत नाही, त्याचा खतासाठी कुंडीत चुरा करा. चतुर आणि जाळीची पानं पूर्ण सुकल्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासोबत ठेवा. मृगाच्या आसपास डबा एकदा उघडून बघा. पांढरी बुरशी दिसली तर मऊ ब्रशने झटका, पंख्याखाली दिवसभर ठेवा आणि कडुनिंब बदलून परत बंद करा.