नर्सिंगला ॲडमिशन घेतलंय? मग सांगली-मिरजेच्या वॉर्डात पहिली काही वर्षं कशी काढायची ते वाचा

बारावीचा निकाल लागला की गावाकडनं फोन सुरू होतात, ताई पोरीला नर्सिंगला घालायचंय, जीएनएम करू का बीएस्सी. आणि तीन-चार वर्षांनी त्याच पोरींचा फोन येतो, रात्री साडेदहाला, नाईट ड्युटीवरनं, दबक्या आवाजात, ताई डॉक्टरांनी असं असं लिहिलंय आणि मला कळंना, परत विचारलं तर ओरडतील का. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. मी इकडंच शिकले आणि इकडंच कामाला आहे त्यामुळं आपल्या भागाचंच सांगते.

ॲडमिशनचं थोडक्यात. बीएस्सी ४ वर्षांची, बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्लिश लागतं, सीईटी द्यावी लागते. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, ३ वर्षांचा, त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्लिश मात्र पाहिजे. घरची परिस्थिती बघून ठरवा, जीएनएम करून नंतर २ वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, त्यामुळं जीएनएम घेतलं म्हणजे वाट बंद झाली असं मनात आणू नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग, हॉस्टेल, गॅदरिंगचे फोटो हे सगळं नंतर, पहिला प्रश्न हा विचारा की पोरांना क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, कुठल्या हॉस्पिटलला असतं आणि तिथं रोज पेशंट किती असतात. नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का ते पण बघा, जुना कागद फ्रेम करून लावलेला चालत नाही. वॉर्ड भरलेला नसेल तर पोरगी शिकणार कुणावर? आपल्याकडं त्या बाबतीत नशीब चांगलं आहे, सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं सिव्हिल, १८९४ पासूनचं वानलेस म्हणजे आपलं मिशन हॉस्पिटल, तिकडं कराडला कृष्णा, साताऱ्याला जिल्हा रुग्णालय, पेशंटला तोटा नाही.

पहिल्या वर्षी बेड मेकिंग आणि स्पंजिंग, म्हणजे पेशंटचं अंग पुसणं, करून करून वैताग येतो, वाटतं हे काय शिकायलोय आपण. पण मन लावून करा. पेशंटला कुशीवर वळवताना पाठीवर लाल झालेलं दिसतं, पाय सुजलेला दिसतो, युरिन बॅग रिकामीच आहे हे दिसतं, आणि हे लांबनं बघून कधीच कळत नाही. आणि एक, हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिने अशी ३ डोसची असते, ती पहिल्याच वर्षी सुरू करा, कॉलेजनं सांगायची वाट बघू नका.

खिशात छोटी वही ठेवा. मोबाईल नको, वॉर्डात मोबाईल काढला की नातेवाईकांना वाटतं ही बसलीय फोनवर. वहीत आपल्या वॉर्डात नेहमी लागणारी औषधं, डोस, कशात डायल्यूट म्हणजे पातळ करायचं, किती वेळात द्यायचं, एवढंच. इंट्राकॅथ म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची सुई, तिचे नंबर आणि रंग पण लिहून ठेवा, १८ हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी, ट्रॉमाचा म्हणजे अपघाताचा पेशंट आला आणि सिस्टर ओरडल्या हिरवी दे की हात तिकडंच गेला पाहिजे. थेंबाचं गणित पण त्याच वहीत. सलाईन ५०० एमएल ४ तासात द्यायचंय आणि सेट म्हणजे सलाईनची नळी २० थेंबाला १ एमएल वाला आहे, तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, साधारण ४२ थेंब मिनिटाला. मायक्रो म्हणजे बारीक थेंबाच्या सेटला १ एमएलला ६० थेंब धरायचे. सगळे सेट सारखे नसतात, पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय सेट फोडू नका.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. हात चालायच्या आधी थांबायचं आणि मोठ्यानं बोलायचं. पेशंटचं नाव, औषधाचं नाव, किती, कुठनं द्यायचं, तोंडानं का शिरेतनं. मोठ्यानं, शेजारच्या सिस्टरला ऐकू जाईल असं. सुरवातीला लाज वाटते, सिनियर पुटपुटतात पण, तरी सोडू नका.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं, इन्सुलिननं शिकवलं. नोकरीला लागून दोनच महिने झालेले, एका आजोबांना २० युनिट द्यायचं होतं. वॉर्डात रोज ४० वाली व्हायल म्हणजे औषधाची बाटली असते, १ एमएलला ४० युनिटची, आणि लाल टोपणाची ४० ची सिरिंज, तेवढीच मला माहीत. त्या दिवशी मुलानं बाहेरच्या मेडिकलमधनं १०० युनिटवाली व्हायल आणली होती आणि मी सवयीनं लाल टोपणाची सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरली. इनचार्ज सिस्टर शेजारी औषधं लावत होत्या, मी म्हटलं आजोबांना इन्सुलिन २०, आणि त्यांनी फक्त व्हायल बघू म्हटलं. ४० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल, आणि १०० वाल्या व्हायलमधलं अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट! अडीच पट. आजोबांची शुगर रात्रीत कुठं गेली असती, आणि झोपलेत म्हणून कुणी उठवलं पण नसतं. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन ड्युटी केली. उलटं झालं तरी घोळच, ४० ची व्हायल आणि नारंगी टोपणाची १०० ची सिरिंज, २० ची रेघ, तर जातात फक्त ८ युनिट, मग शुगर का उतरंना म्हणून डोस वाढत जातो. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघायचा, रोज, दहा वर्षं झाली तरी.

तसंच पोटॅशियम क्लोराईडचं. ते थेट शिरेत ढकलायचं नसतं, कधीच नाही, हृदय थांबतं. डायल्यूट करूनच आणि हळूहळूच. कुणी घाईत म्हटलं दे ढकलून तर हात मागं घ्या आणि सिनियरला बोलवा. रक्त लावताना दोघांनी मिळून पिशवी, ग्रुप, नंबर, नाव जुळवायचं आणि पहिली १५ मिनिटं पेशंटजवळच थांबायचं, थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, अंगावर पित्त उठलं तर आधी रक्त बंद आणि मग डॉक्टरांना फोन. फोनवरची ऑर्डर घेतली तर परत म्हणून दाखवा, वेळ टाकून लिहा, सकाळी डॉक्टरांची सही घ्या, विसरू नका.

आपल्याकडचे पेशंट म्हणाल तर पुस्तकात असतात तसे नसतात. ऊस तोडताना, रानात पाणी पाजताना साप चावलेला माणूस येतो, सोबत दहा जण, कुणी पाय सुतळीनं आवळून बांधलेला. घोणस आहे का नाग हे कुणालाच माहीत नसतं. तिथं नवीन नर्सच्या वाट्याला येतं ते २० मिनिटांचं क्लॉटिंगचं टेस्ट, म्हणजे रक्त गोठतंय का ते बघायचं, साधारण २ एमएल रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच वाकडी करून बघायची, गुठळी झाली का. प्लॅस्टिकची ट्यूब चालत नाही आणि दर दोन मिनिटांनी उचलून बघायचं नाही, पोरी हीच चूक करतात कारण नातेवाईक डोक्यावर उभे असतात. घड्याळातली वेळ ट्यूबवरच्या पट्टीवर लिहा. तासगाव, कवठेमहांकाळकडनं औषध प्यायलेले किंवा फवारताना अंगावर गेलेले येतात, त्यांचे कपडे काढून अंग धुवायचं आणि ते करताना स्वतः ग्लोव्हज घालायचे, ते औषध कातडीतनं आपल्यात पण जातं. अॅट्रोपीन म्हणजे त्या विषावरचं इंजेक्शन चालू असलं की पल्स, बाहुल्या, छातीतला आवाज सारखं बघून लिहीत राहायचं. मिरजेला कर्नाटकातनं पण खूप येतात, अथणी, चिकोडी, विजापूर. चार शब्द शिकून घ्या, नोवु म्हणजे दुखणं, नीरु म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण, एल्ली म्हणजे कुठं. आजीला नोवु एल्ली विचारलं की तिचा चेहराच बदलतो.

सुई टोचली तर लपवू नका. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, साबण पाण्यानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची पीईपीची गोळी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायची, जमलं तर २ तासांच्या आत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. आणि सुईला टोपण परत लावायला जाऊच नका, टोचायचं मुख्य कारण तेच, सरळ सुयांच्या पांढऱ्या डब्यात.

पहिला मृत्यू सगळ्यांनाच जड जातो. माझ्या वेळी मी नुसती उभीच राहिले, वॉर्डातल्या मावशींनी सगळं केलं, डोळे मिटवले, चादर नीट केली. मावशी आणि मामांना मान देऊन वागा, कोणता सक्शन, म्हणजे कफ ओढायचं मशीन, चालतो आणि कोणता नाही हे त्यांनाच माहीत असतं. त्या वेळी एक काम मात्र तुमचं, अंगावरचे दागिने, मंगळसूत्र, घड्याळ, पैसे, साक्षीदारासमोर यादी करून जवळच्या नातेवाईकाच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची. रडारडीत कुणाला सुचत नाही आणि आठवड्यानं बोलणं नर्सला बसतं.

पास झाला की मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं रजिस्ट्रेशन लगेच करून टाका. पहिल्या नोकरीत ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा म्हणाले तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या. माझ्या मैत्रिणीचे कागद एका ठिकाणी अडकले होते, सरकारी भरतीचा फॉर्म भरायचा राहिला तिचा. सुरवातीचा पगार कमी असतो हे खरं आहे, पण पहिली दोन वर्षं शक्यतो मोठ्या हॉस्पिटलला, आयसीयू किंवा कॅज्युअल्टीला काढा. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला, जीएनएमवाल्यांना किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा २ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे हे दिवस तिथं पण मोजले जातात. एक्सपीरियन्स लेटर सोडतानाच मागून घ्या.

नाईट ड्युटीचं शेवटचं. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या नर्सला पेशंट सोपवताना, बेडजवळ उभं राहून द्या, टेबलाशी बसून नको, ड्रेनच्या नळीतनं किती आलं, सलाईन किती राहिलंय, कुठला रिपोर्ट यायचाय. आणि सुटल्यावर तासगाव, पलूसला टू व्हीलरवरनं जाऊ नका. रात्रभर जागून तो रस्ता चालवताना डोळा कधी लागतो कळत नाही. मावशी चहा देतील तो प्या आणि एसटीनं जा, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, तासगावला उठवा म्हणून.