साताऱ्याच्या घाटातून ट्रॅककडे निघालेल्या नव्या रायडर्ससाठी

साताऱ्यात गाडी चालवायला घाटांची कमी नाही आणि माझ्या मते नव्या पोरांचा घात तिथेच होतो. घरातून निघालं की काही मिनिटांत यवतेश्वर. तिकडे वाईवरून पसरणी, मेढ्यावरून केळघर, पुण्याच्या वाटेवर खंबाटकी. एवढं सगळं अंगणात असल्यावर वर्षभरात वाटायला लागतं की आपल्याला वळणं कळायला लागली. कळलेली नसतात. आपल्याला फक्त यवतेश्वरची वळणं पाठ झालेली असतात. पाठ असलेल्या रस्त्यावर कुणीही जोरात जातो. कासकडचा दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून जातो आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या निम्म्यांपेक्षा चांगला जातो.

गिअर कधी टाकायचा, इंजिन ब्रेकिंग म्हणजे काय, वळणात हँडल उलटं का ढकलायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो. ते माहीत नसेल तर आधी एखाद्या शांत मैदानात जाऊन ते करा, मग पुढचं वाचा.

आमचा ग्रुप जमायला लागला तेव्हा त्याला नाव नव्हतं, टी-शर्ट नव्हते. रविवारी पहाटे पोवई नाक्यावर चहा आणि मग वर. दोन येझदी, तीन-चार आरएक्स 100, एक बुलेट, जी हटकून कुणाला तरी ढकलायला लावायची. आणि एक काका चक्क प्रिया स्कूटरवर यायचे. इथल्याच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली गाडी, आणि काका तिथेच कामाला होते. डिकीत जादा प्लग, क्लचची केबल, पाना आणि एक कापड. कासपर्यंत ते कधी पहिले पोचले नाहीत, पण मी त्यांना कधी ढकलताना किंवा थांबलेलंही पाहिलं नाही. त्यांच्याकडून शिकायला हवं होतं. आम्ही शिकलो आरएक्सवाल्यांकडून.

आरएक्स 100 ही 98 सीसीची, 11 हॉर्सपॉवरची, वजनाला जेमतेम शंभर किलोची गाडी. 1985 ला आली, 1996 ला बंद झाली आणि आमच्या पिढीच्या डोक्यातून अजून उतरलेली नाही. तिचं पोर्टिंग करून घ्यायचं, म्हणजे इंजिनातल्या हवा-धुराच्या वाटा घासून मोठ्या करायच्या, एक्सपान्शन चेंबर म्हणजे फुगीर पोटाचा सायलेन्सर लावायचा, कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे आणि मग ती पळायची. थांबायची मात्र कंपनीने दिलेल्या ड्रम ब्रेकवरच. आज आरएक्सच्या जागी दोनशे-चारशे सीसीच्या गाड्या आल्या, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस आलं, पण पैसे खर्च करायचा क्रम तोच राहिला: आधी सायलेन्सर, मग एअर फिल्टर, मग स्टिकर, आणि टायर अगदी गुळगुळीत झाल्यावर. हा क्रम उलटा करा. फुल फेस आयएसआय हेल्मेट, हातमोजे, टायर, ब्रेक पॅड. इंजिनला हात लावू नका. ज्याला स्टॉक गाडी पूर्ण वापरता येत नाही त्याने ताकद वाढवून काय करायचंय? गॅरेजवाला ‘पिकअप दुप्पट करून देतो’ म्हणाला तर चहा प्या आणि उठा.

आता ज्या सापळ्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्याकडे येतो. पुढच्या गाडीचा टेललाइट.

घाटात तुम्ही एखाद्या अनुभवी दादाच्या मागे लागता. तो सहज जातोय, म्हणजे आपणही जाऊ. डोळे त्याच्या लाल दिव्यावर. तो झुकला की आपण झुकायचं, त्याचा ब्रेक पेटला की आपण दाबायचा. चार वळणं हे मस्त जमतं आणि इथेच माणूस फसतो.

पहिली गोष्ट, चांगला चालवणारा घाटात फार ब्रेक लावत नाही. थ्रॉटल सोडतो, एक गिअर खाली घेतो, वेग आपोआप कमी होतो. दिवा पेटतच नाही. तुम्हाला वाटतं तो त्याच वेगात आत गेला. तो गेलेला नसतो. तुम्ही जाता.

दुसरी, त्याने ब्रेक दाबलाच, तर तो त्याच्या हिशोबाने दाबलेला असतो. तुम्हाला दिवा दिसला, डोक्यात शिरला, बोटं लिव्हरवर गेली, यात एक सेकंद कुठेच गेला नाही. ताशी 60 च्या वेगात एका सेकंदाला जवळजवळ 17 मीटर रस्ता जातो, 80 ला 22 मीटर. यवतेश्वरच्या एखाद्या आवळ वळणाची जागाच तेवढी. त्यात त्याचे टायर वेगळे, वजन वेगळं, एबीएस असेल-नसेल. त्याचा ब्रेकिंग पॉइंट तुमच्या गाडीला लागूच होत नाही.

तिसरी आणि सगळ्यात वाईट: गाडी नजर जाते तिकडे जाते. तुमची नजर टेललाइटवर म्हणजे तुम्हाला रस्ता दिसतच नाही, दिसतो तो फक्त एक माणूस. त्याच्या पुढे काय आहे ते नाही, आणि त्याच्या-तुमच्यामध्ये काय पडलंय तेही नाही.

मी पडलो तो उतरताना, असाच. आपल्या घाटात एसटी वळते तेव्हा तिचं मागचं चाक आतल्या कडेला साइडपट्टीवरून जातं. तिथली जांभ्याची बारीक खडी ते उचलतं आणि डांबरावर आणून टाकतं. लाल रंगाची, मिरीएवढी, पहाटेच्या तिरक्या उन्हात दिसतही नाही. ती पडते नेमकी वळणाच्या आतल्या लाइनवर. पुढचे दादा तिच्या बाहेरून गेले, कारण त्यांनी ती पाहिली होती. मी दादांना पाहत होतो. पुढचं चाक एकदम हलकं झालं, हँडल आत दुमडलं आणि मी गाडीसकट चरीत. कॉलरबोन गेलं. दादांना आरशात कुणी दिसेना म्हणून ते खालून परत आले आणि पहिलं वाक्य बोलले, ‘खडी दिसली नाय व्हय?’ तेव्हा राग आला होता. प्रश्न बरोबर होता.

मग बघायचं कुठे? वळणात रस्त्याची डावी आणि उजवी कड लांब जाऊन जिथे एकमेकींना मिळाल्यासारखी दिसते, तिथे. तो बिंदू तुमच्याकडे सरकत येत असेल तर वळण आवळतंय, अजून वेग काढा. जागच्या जागी असेल तर आहे तो वेग धरा. तो पुढे पळायला लागला की वळण उघडलं, आता थ्रॉटल द्या. मध्येच एक झटकन नजर गाडीच्या पुढच्या पंधरा-वीस मीटरवर, खडीसाठी, आणि लगेच परत वर. पुढचा रायडर नजरेच्या कोपऱ्यात राहू द्या. त्याच्या आरपार बघायचं. वाचायला सोपं आहे, करायला महिने जातात, कारण लाल दिवा डोळ्यांना ओढतोच. सुरुवातीला मी हेल्मेटमध्ये मोठ्यांदा ‘वर, वर’ म्हणायचो. कुणाला ऐकू जात नाही, खुशाल म्हणा.

ग्रुप राइडमध्ये हाच सापळा मोठा होतो. दहा गाड्या ओळीत आहेत. लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा, वळणात वेग कमी करतो, बाहेर पडून वाढवतो. दुसरा थोड्या उशिरा, तिसरा आणखी उशिरा. रांग रबरासारखी ताणते आणि आक्रसते, आणि शेवटच्या गाडीला अंतर भरून काढायला लीडपेक्षा जास्त वेगात जावं लागतं. आणि बहुतेक क्लब नव्या पोराला कुठे टाकतात? शेवटी. ‘तू मागून निवांत ये.’ निवांत कसला, तो बिचारा जीव मुठीत धरून येत असतो. नवा माणूस लीडच्या मागे दुसरा हवा, आणि शेवटी सगळ्यात मुरलेला. जो क्लब नव्याला मागे टाकतो तो सोडा, त्यांचे फोटो कितीही भारी असोत. वळणात एकेरी रांग, सरळ रस्त्यावर तिरपी, दोन सेकंदांचं अंतर, आणि फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. हे पाळणारे तीन जण मिळाले तरी तो क्लब झाला.

घाबरवतोय असं वाटत असेल तर थोडं घाबराच. पण हेही सांगतो, की नजर सुधारली की बाकीचं आश्चर्य वाटेल इतक्या लवकर जागेवर येतं. खांदे सैल पडतात, हातातली मूठ ढिली होते, उगाच मध्येच लागणारा ब्रेक बंद होतो. मी पडल्यानंतर बरेच दिवस प्रत्येक लाल डागाला घाबरत होतो. ती भीती गेली. तुमचीही जाईल.

कारखाने सुरू झाल्यावर कराड-सांगलीच्या बाजूला रात्री जाऊच नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्यावर सांडलेलं पाचट. खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं एस वळण वर्षानुवर्षं बदनाम आहे, ते उगाच नाही. टायरची कड न घासलेली दिसली, म्हणजे हा गाडी फार झुकवत नाही, म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

गुरूबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. जो पहिल्याच राइडला ‘माझ्या मागे ये, मी शिकवतो’ म्हणतो तो शिकवणारा नाही, त्याला प्रेक्षक हवाय. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी माती खणायला लावतो, मैदान फार नंतर. तसा माणूस शोधा. जो तुम्हाला पुढे घालून स्वतः मागून येतो, वर पोचल्यावर एकच चूक सांगतो आणि बाकीच्या पुढच्या रविवारी. असे लोक बहुधा चाळिशीच्या पुढचे असतात आणि त्यांच्या गाड्या धुतलेल्या नसतात.

आता रेसिंग. रस्त्यावर लावलेली रेस ही रेस नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. खरी रेसिंग करायची तर एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्टच्या फेडरेशनचं लायसन्स लागतं, त्यासाठी मेडिकल लागतं. आमचे जुने लोक मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींच्या गोष्टी सांगायचे. 1990 पासून चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, सुमारे 3.7 किलोमीटर, 12 वळणं. कोइम्बतूरचा कारी ट्रॅक त्याहून छोटा, 2.1 किलोमीटर. गंमत म्हणजे साताऱ्याबाहेरून जाणारा हाच 48 नंबरचा हायवे पुढे इरुंगट्टुकोट्टईवरूनच चेन्नईला जातो. कर्ज काढून नवी गाडी घेण्याआधी कंपन्यांच्या वन-मेक, म्हणजे एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या, स्पर्धांची निवड फेरी बघा. गाड्या सगळ्यांना सारख्या आणि कंपनीच्याच, त्यामुळे तुम्ही कुठे आहात ते लख्ख कळतं.

ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवायला मिळते त्या दिवशी, आरसे काढतात, दिव्यांवर टेप लावतात, ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तार ओवतात, म्हणजे तो सुटून ऑइल ट्रॅकवर सांडू नये. टेप लागल्यावर पुढच्याचा टेललाइटही झाकला जातो. घाटात दिव्यावर जगलेली पोरं तिथे पहिल्या सत्रात अक्षरशः हरवतात. ब्रेक कुठे लावायचा हे त्यांना कधी स्वतः ठरवावंच लागलेलं नसतं. ट्रॅकच्या कडेचे मार्कर बघा आणि पहिलं सत्र मुद्दाम हळू काढा. कुणी ओव्हरटेक करेल, करू द्या, मागच्याची काळजी मागच्याने करायची असते.

पैसे कमी असतील तर मातीतून सुरुवात करा. पुणे-कोल्हापूरकडे सुपरक्रॉस, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जाणारी शर्यत, होतं, मातीत पडल्यावर लागतं कमी आणि चाक घसरण्याची सवय होते. 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष याच मोटोक्रॉस-सुपरक्रॉसमधून आला. फक्त गावोगावच्या डर्ट रेसला एंट्री भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: फेडरेशनची मान्यता आहे का, आणि अँब्युलन्स मैदानात उभी असणार का. गर्दीचा भरवसा धरू नका. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिल्यापासून बैलगाडा शर्यतींची मैदानं पुन्हा भरायला लागली. तीच माणसं डर्ट रेसला येतात आणि तशीच कडेला, दोरीच्या आत, उभी राहतात. बैलाला चुकवायची सवय असलेल्या माणसाला उडी मारून आलेली मोटरसायकल चुकवता येत नाही.

आणि चेन्नईला जाताना गाडी टेम्पोत टाका, भाडं चौघांत वाटून घ्या, तुम्ही रेल्वेने जा. हजार किलोमीटरच्या वर चालवत जाऊन ट्रॅकवर उतरलात तर पहिल्या सत्रातच हात भरून येतील. येताना तर चालवत येऊच नका. दोन दिवस ट्रॅकवर काढल्यावर हायवेवरचा शंभरचा वेग थांबल्यासारखा वाटतो आणि समोरून राँग साइडने येणाऱ्या ट्रॅक्टरला ते माहीत नसतं.