कुरडयांच्या गच्चीवरून ढग कसे ओळखायचे

ढग बघायला मला कुरडयांनी शिकवलं. इंदूरला लोकमान्यनगरात आमची गच्ची आहे आणि मे महिन्यात तिच्यावर पाय ठेवायला जागा नसते. तीन दिवस गहू भिजवायचा, चीक काढायचा, पहाटे चारला उठून तो शिजवायचा, आणि दुपारी चारला आंधी आली की सगळं शेजाऱ्यांच्या अंगणात. (पुण्याची नणंद म्हणते, ‘वादळ’ म्हण. आम्हा इंदूरकरांना वादळ समुद्रावरचं वाटतं, आपल्याकडे येते ती आंधी.)

आठ-दहा वर्षांपूर्वीची एक दुपार सांगते. साडेतीन वाजले होते. धारच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, एक ढग उभा होता. त्याचा तळ बराच उंच, आणि तळाखाली करड्या झालरी लोंबत होत्या, पण त्या मध्येच विरून जात होत्या. सासूबाईंनी विचारलं, “उचलायचं का गं?” मी ऐटीत म्हटलं, “अहो आई, तो पाऊस वरच्यावर सुकतोय. इथे थेंब यायचा नाही.” थेंब आलाच नाही. वीस मिनिटांनी वारा आला. खाटेवरचं प्लास्टिक फुगलं, उलटलं, आणि पाच किलो गव्हाच्या कुरडया गेल्या.

त्या झालरींना विर्गा म्हणतात. कोरड्या हवेत पडणारा पाऊस वाटेत वाळतो, वाळताना भोवतीची हवा गार करतो, गार हवा जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चारी दिशांना पसरते. म्हणून मे महिन्यात ‘पाऊस पोचत नाही’ याचा अर्थ ‘वारा पोचेल’ असा घ्या.

पाऊस पोचेल की नाही, याचा अंदाज तळाच्या उंचीवरून येतो. फोनवरच्या हवामानात तापमान आणि दवबिंदू (हवा जितकी गार झाली की दव पडू लागतं ते तापमान) दोन्ही दिसतात. पहिल्यातून दुसरा वजा करा आणि 125 ने गुणा. दुपारच्या फुगीर ढगांचा तळ साधारण तितके मीटर वर असतो. मे महिन्यात 40 अंश आणि दवबिंदू 16 असेल तर 3000 मीटर. जुलैत 28 आणि 23 असेल तर जेमतेम 625. जुलैचा ढग डोक्यावर टेकल्यासारखा का वाटतो, ते हे गणित एकदा केलं की कळतं.

आता शेंडा बघा. ढगाच्या कडा फुलकोबीसारख्या कोरीव असतील तर तो अजून वाढतोय. वरचा भाग धूसर, तंतुमय झाला आणि सपाट पसरू लागला की तिथलं पाणी गोठतंय. लोहाराच्या ऐरणीसारखा आकार झाला म्हणजे पुरता क्युम्युलोनिम्बस, गडगडाटी ढग. हात सरळ लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे 10 अंश झाकते. असा ढग 15 किलोमीटर उंच धरला आणि त्याचा शेंडा क्षितिजापासून एक मूठ वर असेल, तर तो सुमारे 85 किलोमीटरवर आहे. अर्धी मूठ असेल तर 170 च्या आसपास. पूर्व-ईशान्येला असा दिसला तर तो भोपाळवाल्यांचा प्रश्न. शेंडा दहा मिनिटांत दुप्पट वर आला तर मात्र चीक झाका. अनोळखी गावात असाल तर आधी दिशा पक्क्या करा. माझ्या गच्चीवरून उत्तर म्हणजे उज्जैन, ईशान्य म्हणजे देवास, दक्षिण-नैऋत्य म्हणजे महू आणि जानापावचा डोंगर.

वेगळ्याच दिसणाऱ्या ढगांबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. फोटो जितका भीतिदायक, तितका ढग बहुधा निरुपद्रवी. ऐरणीच्या खालच्या बाजूला गायीच्या सडांसारखे गोल गोल फुगे लोंबतात, ते मॅमेटस. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते केशरी होतात आणि घरच्या ग्रुपवर ‘प्रलय’ म्हणून फिरतात. बऱ्याचदा ते दिसतात तेव्हा वादळाचा जोर ओसरलेला किंवा पुढे सरकलेला असतो. समुद्राच्या लाटा खालून बघाव्यात तसा खवळलेला थर म्हणजे अ‍ॅस्पेरिटास. आंतरराष्ट्रीय मेघ-नकाशात, जो पहिल्यांदा 1896 साली निघाला, त्याला 2017 मध्येच जागा मिळाली. बघावा आणि खुशाल चहा घ्यावा.

जानेवारी-फेब्रुवारीत कापसाच्या पेळूंसारख्या पातळ थरात एखादं गोल भोक पडलेलं दिसलं तर नशीब समजा. त्या थरातलं पाणी शून्याखाली असूनही गोठलेलं नसतं. विमान त्यातून गेलं की तेवढ्या जागेचं बर्फ होऊन खाली झरतं आणि भोक उरतं. मला ते एकदाच दिसलं, तेही दूधवाल्याशी हिशोबावरून वाद चालू असताना. उडत्या तबकडीसारखा भिंगाकार ढग मात्र इथे शोधत बसू नका. त्याला मोठ्या डोंगररांगेवरून उसळणारा वारा लागतो, आपला विंध्य त्या मानाने बुटका.

भ्यायचं ते साध्या दिसणाऱ्या ढगाला. क्षितिजावर लांबच्या लांब, फळीसारखा काळा काठ, खाली फिकट उजेड, आणि काठ सरकत जवळ येतोय: हा शेल्फ ढग. वादळातून बाहेर पडलेली गार हवा पुढची दमट हवा वर ढकलते, तिचा हा काठ. तो डोक्यावर आला की वाऱ्याची दिशा फिरते, अंगाला गारवा लागतो, मातीचा वास येतो, आणि हातात फार तर काही मिनिटं असतात. फळीखाली चिंध्या लोंबत असतील तर लोक “भिया, सोंड बघ, चक्रीवादळ!” म्हणून ओरडतात. अशा वेळी दूरच्या विजेच्या खांबाचं टोक नजरेने खूण म्हणून धरा आणि मिनिटभर त्या चिंधीकडे बघा. नुसतीच सरकत, विरत असेल तर चिंधीच आहे. स्वतःभोवती सलग फिरत असेल तर बघत उभं राहू नका.

फेब्रुवारी-मार्चच्या ढगाला हिरवट झाक आली तर गाडी झाकून घ्या. गारा पडतीलच असं नाही, पण शेतात गहू उभा असताना कोण पैज लावणार?

विजेच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, नवऱ्याचंही नाही. चमक दिसली की सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्ची सोडायची: कपड्यांची लोखंडी तार, टाकी, छत्री सगळं तिथेच टाकून. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जायचं नाही. ऐरणीच्या कडेची वीज दहा-पंधरा किलोमीटरवर, ऊन असलेल्या जागीही पडू शकते, म्हणून डोक्यावरचं निळं आकाश जमेत धरायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप 20 आणि 40 किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं. ते फोनवर असू द्या, पण मोजणं सोडू नका.

शिवाय एक वही ठेवा. फोटोत वेळ राहते पण दिशा राहत नाही, आणि कुठल्या बाजूचा ढग आपल्यापर्यंत खरंच येतो हे दोन-तीन मे महिन्यांच्या नोंदींशिवाय कळत नाही. माझ्या वहीत धारकडचे ढग पुष्कळ येतात, महूकडचे बहुतेक वेळा तिकडेच मोकळे होतात. तुमच्या गच्चीचं वेगळं असेल. नोंद मोठी नको, माझी गेल्या मे महिन्यातली ही बघा:

दु. 3:40. पश्चिम. शेंडा दीड मूठ, सपाट. झालरी, जमिनीला टेकत नाहीत. तापमान 41, दवबिंदू 14. आई म्हणाल्या, “उचल.” 3:55 ला सगळं आत. 4:10 ला वारा, शेजारचा पत्रा वाजला. थेंब मोजून सात. कुरडया अर्ध्या ओल्या, उद्या परत वर.