सरांची आठवण कशी जागवावी

सर गेले की लगेच हॉल बुक करायला धावू नका. आधी घरी जा, काकूंजवळ बसा, त्यांना काय हवंय ते विचारा. आमच्या काकू म्हणाल्या, "हारतुरे नकोत रे, पोरं येऊ देत."

सभा आमच्या कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू स्मारकला घ्या नाहीतर कुणाच्या गच्चीवर. प्रत्येकानं सरांचा एकच प्रसंग सांगायचा, एवढं पाळा.

खरं काम जुन्या वह्यांचं. माळ्यावरून त्या काढा. सरांचे शेरे असलेली पानं खिडकीच्या उजेडात धरून, फ्लॅश न लावता मोबाईलवर टिपा आणि काकूंना छापून द्या. माझ्या वहीच्या समासात हिरव्या शाईत लिहिलंय, "पुरावा कुठाय?" खाली शाईचा फुगलेला ठिपका आहे. पेन टेकवून सर तिथं विचार करत थांबले असणार. त्या ठिपक्यावर मी कितीदा बोट फिरवलंय.

मग सरांनी जिथं नेलं होतं, तिथं सगळे मिळून जा. आम्ही टाऊन हॉल म्युझियममध्ये गेलो. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या पोसायडनच्या छोट्या ब्राँझ मूर्तीसमोर सर विचारायचे, "हा ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी आला कसा?" परवा आम्ही सातजण तिथंच उभे होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही.