मंडळाचा मेल सर्व्हर हातात घेताय? आधी रीबूटचं बघा

नवीन आलेल्या मंडळींनो, जर्मनीत येऊन मला चौदा वर्षं झाली आणि त्यातली दहा तरी वर्षं आमच्या शहरातल्या मराठी मंडळाची मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सभासदांना जातो ती सोय, मीच बघतोय. दरवर्षी तुमच्यातलं कोणीतरी गणपतीत भेटतं आणि म्हणतं दादा मी आयटीतच आहे, काही काम असेल तर सांगा. काम हेच आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेतच, पण नवीन माणसाला खोली मिळते ती अजून या लिस्टवरच, कारण जुनी, स्वतःची घरं असलेली माणसं मेलच वाचतात. आणि इथं खोली म्हणजे नुसतं डोक्यावर छप्पर नाही, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यात आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करावं लागतं, त्याला घरमालकाचा कागद लागतो, आणि आनमेल्डुंग नाही तर पुढची बरीच कामं अडतात.

लिस्ट चालवायला आधी मेलमन २.१ हे सॉफ्टवेअर होतं. मी ते मेलमनसीटीएल स्टार्ट म्हणून हाताने चालू केलेलं, दीड वर्ष छान चाललं, माझ्या डोक्यातूनच गेलं की हे हाताने चालू केलंय. मग एका रात्री कर्नल अपडेटनंतर सर्व्हर रीबूट झाला. मेल आणणारं-नेणारं पोस्टफिक्स उठलं, वेबपानं दाखवणारा अपाची उठला, लिस्टचं पान उघडत होतं, त्यामुळे कोणाला काहीच वाटलं नाही. मेलमन तेवढं उठलं नाही. आणि २.१ ची गंमत बघा, पोस्टफिक्स आलेला मेल मेलमनच्या स्क्रिप्टकडे देतं आणि ती तो क्यूफाइल्सच्या इन फोल्डरमध्ये ठेवून मोकळी होते, पुढे तो उचलणारे क्यूरनर चालू आहेत की नाहीत हे ती बघतच नाही. म्हणजे पाठवणाऱ्याला वाटतं मेल गेला, बाउन्स म्हणजे परत आलेला मेल नाही, एरर नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी मी ते फोल्डर उघडलं तर एकोणीस फाइली पडलेल्या. त्यात नांदेडहून आलेल्या एका मुलाचा मेल होता, सोमवारपासून खोली हवी आहे, एक महिन्यासाठी चालेल. मेलमन चालू केल्याबरोबर सगळे एकोणीस मेल धडाधड गेले आणि तासाभरात त्याला दोन घरांतून फोन आले, पण तोवर त्याने हॉटेलचे पंधरा दिवसांचे पैसे भरून टाकले होते. ते मला अजून लागतं.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, स्टार्ट वेगळं आणि इनेबल वेगळं. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टमडी असतं, त्याची कमांड सिस्टमसीटीएल. सिस्टमसीटीएल स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर, सिस्टमसीटीएल इनेबल म्हणजे मशीन उठेल तेव्हा तूही ऊठ. स्टेटस हिरवं दिसतंय म्हणून समाधान मानू नका, इज-इनेबल्ड विचारा. डेबियन या लिनक्सच्या पॅकेजमधून मेलमनची नवी आवृत्ती, मेलमन ३, टाकली असेल तर इनेबल आपोआप होतं, तरी बघा. आणि मेलमन३ आणि मेलमन३-वेब या दोन वेगळ्या सर्व्हिस आहेत. पान उघडतंय याचा अर्थ फक्त वेब उठलंय, मेल वाटणारा कोअर झोपलेला असू शकतो.

आम्ही मात्र मेलमन ३ पायथनच्या व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्याच्यापुरत्या वेगळ्या फोल्डरमध्ये, टाकलंय, त्यामुळे सर्व्हिस फाइल, म्हणजे ते कसं चालवायचं हे सिस्टमडीला सांगणारी फाइल, आपली आपण लिहिलेली आहे. तिच्यात टाइप फोर्किंग हवं, कारण मेलमन स्टार्ट ही कमांड मागे मास्टर ही मुख्य प्रोसेस सोडून स्वतः संपते. युजर मेलमन हवा, रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून ते चालायला नकार देतं आणि ते बरोबरच आहे. आफ्टरच्या ओळीत पोस्टग्रेस हा डेटाबेस लिहा, नाहीतर डेटाबेस उठायच्या आधी हे उठतं आणि पडतं. शेवटी इन्स्टॉल या भागात वाँटेडबाय मल्टी-युजर टार्गेट, ही ओळ विसरलात तर इनेबलला काही जोडायलाच मिळत नाही. फाइल बदलली की सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड करायचंच, म्हणजे सिस्टमडी ती परत वाचतं.

दोन गोष्टी रीबूटलाच चावतात. एक म्हणजे पीआयडी फाइल, म्हणजे चालू प्रोसेसचा नंबर ठेवणारी फाइल, रन फोल्डरमध्ये ठेवली असेल तर ते फोल्डर मेमरीत असतं, प्रत्येक बूटला रिकामं होतं, मग मेलमनची आतली डिरेक्टरीच नसते, त्यासाठी सर्व्हिस फाइलमध्ये रनटाइमडिरेक्टरी लिहा, सिस्टमडी दर वेळी ती बनवून देतं. दुसरी म्हणजे मास्टरचं लॉक, एका वेळी एकच मास्टर चालावा म्हणून ठेवलेली फाइल. मशीन नीट बंद न होता करंट गेल्यासारखं गेलं तर जुनं लॉक तसंच राहतं आणि मेलमन म्हणतं मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, आणि चालू होत नाही. मग स्टार्टला फोर्स जोडायचं. आंधळेपणाने नाही जात ते, लॉकमधल्या नंबरची प्रोसेस खरंच चालू असेल तर थांबतं, नसेल तरच लॉक काढतं, म्हणून मी तर ते सर्व्हिस फाइलमध्येच लिहून ठेवलंय.

मेलमन ३ मध्ये एक बरं आहे, पोस्टफिक्स त्याला एलएमटीपी या मेल पोचवायच्या पद्धतीने ८०२४ पोर्टवर मेल देतं, कोअर बंद असेल तर मेल पोस्टफिक्सच्याच रांगेत थांबतो, पोस्टक्यू पी केलं की लगेच दिसतो. पण डीफॉल्टने ५ दिवसच, नंतर परत जातो.

आणि हे सगळं केलं की खरंच रीबूट करा. रविवारी सकाळी, लिस्टवर आधी सांगून. उठल्यावर कशालाही हात लावायचा नाही, थेट टेस्ट लिस्टवर एक मेल टाकायचा आणि तो तुमच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये येईपर्यंत बसायचं, नाही आला तर जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदी दाखवणारी कमांड, फक्त या बूटपुरतं आणि मेलमनपुरतं उघडायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवीन मुलं येतात, त्याच्या आधी ऑगस्टमध्ये एकदा हे करूनच घ्या, मी बाजूला बसतो, चहा माझ्याकडे.