माशांच्या टाकीच्या तळाला प्लास्टिक शीट घालताय? या चुका टाळा

टाकीत मोठे दगड रचायचे असतील किंवा वाळू उकरणारे सिक्लिड जातीचे मासे पाळायचे असतील, तरच तळाच्या काचेवर शीट घालण्यात अर्थ आहे. दगडाच्या टोकाचा भार एका जागी न येता पसरतो आणि माशाने खालची वाळू उपसली तरी दगड थेट काचेवर बसत नाही. नुसती बारीक खडी, दोन गोल्डफिश आणि एक फिल्टर एवढाच संसार असेल, तर हा उद्योग करूच नका. शीटखाली घाण साचण्यापलीकडे काही होणार नाही.

घालायचीच असेल तर सगळी जुळवाजुळव टाकी कोरडी असतानाच करा. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटर पाणी मावतं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलेलं पाणीही क्लोरीन घालवल्याशिवाय माशांना चालत नाही. अशात भरलेली टाकी उपसून शीट पुन्हा कापायची म्हणालात, तर घरचे माशांसकट तुम्हालाही बाहेर काढतील.

बरोब्बर मापाची शीट

सगळ्यात जास्त शीट वाया जातात त्या इथे. 'तीन फुटी टाकी' म्हणजे बाहेरून तीन फूट, 914 मिमी. काच 6 मिमीची असेल तर आत 902 मिमीच उरतात. त्यात कोपऱ्यांत सिलिकॉनची जाड रेघ असते. काचवाल्याने हाताने चिकटवलेली टाकी गुण्यात (म्हणजे कोपरे बरोब्बर काटकोनात) असेलच असंही नाही. म्हणून माप वरच्या कडेला घेऊ नका, तळाशी घ्या. लांबी पुढे, मध्ये आणि मागे मोजा, रुंदीही तशीच तीन ठिकाणी, आणि सगळ्यात कमी भरेल ते धरा. दोन्ही कर्ण मोजले की टाकी तिरकी आहे का तेही कळतं.

मग प्रत्येक बाजूने एक सूत, म्हणजे सुमारे 3 मिमी, कमी करा. सिलिकॉन जाड असेल तर दोन सूत. चारही कोपरे गोल करा. ही फट खडीखाली झाकली जाते, ती कोणाला दिसायची आहे? आधी पुठ्ठ्याचा साचा कापून टाकीत ठेवून बघा. पुठ्ठा दोनदा कापला तरी परवडतो.

फट का हवी? अ‍ॅक्रिलिक, म्हणजे नेमप्लेटसाठी वापरतात ते कडक प्लास्टिक, उष्णतेने काचेच्या सात-आठ पट वाढतं. डिसेंबरात कापलेली 90 सेंमीची शीट मे महिन्यातल्या, 15 अंशांनी गरम पाण्यात जवळपास एक मिलिमीटर लांब होते. शिवाय ती थोडं पाणीही शोषते. जागा नसेल तर मध्ये फुगते, किंवा कडेच्या सिलिकॉनला घासत राहते. कोपऱ्यातली ही रेघच काचांच्या सांध्याला जपते.

टाकीला वर आडवी काचपट्टी असेल तर अखंड शीट आत जाईल का, हे कापण्याआधी पुठ्ठ्यानेच तपासा. जात नसेल तर दोन तुकडे करा, पण सांधा सगळ्यात जड दगडाखाली येऊ देऊ नका.

चुकीचं प्लास्टिक

सनबोर्ड, म्हणजे पाट्यांसाठी वापरतात तो फोमचा बोर्ड, हलका आणि कापायला सोपा, म्हणून तोच उचलला जातो. पण तो तरंगतो, आणि आतून पोकळ नळ्यांचं सनपॅक शीटही तरंगतं. खडी टाकून दाबलं तरी खडी सरकली की कडा वर येते. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट पाण्यापेक्षा जड असतात, बुडतात. शंका असेल तर तुकडा बादलीत टाकून बघा. निवडणूक किंवा जयंती संपली की गल्लीत फुकट मिळणारा फ्लेक्स टाकीत घालू नका. त्यातली शाई आणि प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं पाण्यात उतरू शकतात. टेबलावर अंथरायचं मऊ पारदर्शक प्लास्टिकही त्याच कारणासाठी नको.

टाकीच्या *बाहेरून* खाली घालायचं थर्माकोल हा वेगळा विषय आहे. सपाट तळाच्या टाकीला ते हवं, पण खाली प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीला नको, कारण तिचा भार चौकटीवरच यायचा असतो.

कापताना

3 मिमी अ‍ॅक्रिलिक कात्रीने किंवा सुरीने कापायला गेलात तर तडकतं. लोखंडी पट्टी धरून अ‍ॅक्रिलिक कटरने एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा ओढा, खाच जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होऊ द्या, मग टेबलाच्या कडेवर ती रेघ ठेवून एका झटक्यात मोडा. जिगसॉ वेगात चालवली तर प्लास्टिक वितळून पात्यामागेच पुन्हा चिकटतं. वरचा कागद किंवा फिल्म काम संपेपर्यंत काढू नका, आणि शेवटी दोन्ही बाजूंची आठवणीने काढा.

नेमप्लेटवाल्याकडे लेझरने कापून घेणं सगळ्यात सोपं. मात्र माप मिमीमध्ये आणि फट वजा करून द्या, तो दिलं तेवढंच कापतो. पीव्हीसी शीट नेलीत तर तो नाही म्हणेल आणि ते बरोबरच आहे, कारण लेझरखाली त्यातून आम्लाचा धूर निघतो.

कडा कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासा. तळाशी चरणाऱ्या कोरी (कोरीडोरस) माशाच्या मिश्या धारदार कडेला झिजतात. थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. साधं पाणी पुरे.

पाणी भरल्यावर

शीटखाली हवेचे बुडबुडे अडकले तर ती डुगडुगते. म्हणून आधी दोन बोटं पाणी भरा, शीट एका बाजूने तिरकी आत सोडा आणि मगच खडी, दगड.

काही महिन्यांनी कडेशी काळे डाग आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर शीटखाली पाणी कोंडलंय. मासे आत असताना शीट उचलू नका, खालचा वायू त्यांना मारू शकतो. मासे टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत हवेच्या पंपासह ठेवा, खालची घाण नळीने ओढून काढा. मग शीटला थोड्या थोड्या अंतरावर 6-8 मिमीची भोकं पाडून खाली वाळू जाऊ द्या, किंवा शीट काढून सिलिंगच्या दिव्याखाली असते ती चौकटी जाळी घाला. जाळी निपरने कापली की टोकं उरतात, तीही घासायलाच लागतात.